रविवारची खुर्ची

लिंडनचं झाड फुललं की आधी नाकाला कळतं आणि मग सायकलींना. आज सकाळी गॅलरीचं दार उघडलं आणि तो वास सरळ आत आला. मध पातळ करून त्यात ओला हिरवा चारा बुडवावा, तसा काहीसा. खाली उतरले तर अंगणातल्या सगळ्या सायकलींच्या सीटा चिकट झालेल्या. झाडावरून काहीतरी गोड, बारीक, न दिसणारं गळत राहतं आणि हात लावला की बोटं एकमेकांना धरून ठेवतात. मी ओल्या फडक्याने माझी सीट पुसली. मग शेजारच्या सायकलीचीही पुसली. ती कोणाची आहे मला माहीत नाही. पण त्या जागी पूर्वी समोर राहणाऱ्या योनासची सायकल असायची, आणि फुलोऱ्याच्या दिवसांत ती पुसायची माझी सवय अजून गेलेली नाही.

गावाकडच्या जूनबद्दल पुष्कळांनी लिहून ठेवलं आहे. माझा जून आता हा. उजेड रात्री उशिरापर्यंत रेंगाळतो, शाळा सुटायच्या बेतात असतात, उघड्या खिडक्यांतून कोणाच्या तरी वाद्याचा तोच तोच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकू येतो, अडखळतो, परत पहिल्यापासून सुरू होतो. कुठल्या तरी घरात एखादं पोर कार्यक्रमाची तयारी करत असतं. मी भाजी चिरता चिरता थांबते. तुकडा नीट पार पडला की पुन्हा चिरायला लागते.

आम्ही जर्मनीत, एर्लांगेनला आलो तेव्हा माझी रेवा बोबडं बोलत होती. हे इथल्या एका भारतीय हॉटेलात आचारी आहेत. जन्मभर सांगलीकडचं तिखट खाल्लेला माणूस दिवसभर लोण्यातली ग्रेव्ही ढवळतो आणि घरी आला की म्हणतो, सुमन, ठेचा आहे का? ठेचा असतो, पण तो शनिवारी केलेला. रविवारी इथे आवाज करायचा नसतो. मिक्सर नाही, खलबत्ता नाही, भिंतीत खिळा ठोकायचा नाही, रिकाम्या बाटल्या काच गोळा करायच्या पेटीत टाकायच्या नाहीत, आणि वाद्य तर मुळीच वाजवायचं नाही. रविवार म्हणजे जणू झोपलेलं बाळ. सगळं गाव मिळून त्याच्या पाळण्याजवळून चवड्यांवर चालत असतं.

मला हा नियम कधी जड गेला नाही. मी मुळातच कमी आवाजाची बाई. चौथीपर्यंत शिकले, पुढे धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहिले. वाचायची गोडी मात्र राहिली, आणि लिहायची सवय उशिरा का होईना लागली. बोलायची काही लागली नाही. दुकानात मी वस्तूकडे बोट दाखवते. बसमध्ये उतरायचं बटण दुसऱ्या कोणीतरी दाबेल याची वाट बघते. आमच्या खालच्या मजल्यावर फ्राऊ हर्टेल, म्हणजे हर्टेलबाई, राहतात, एकट्या, वयाने मोठ्या, पाठ अगदी सरळ. बिल्डिंगचे सगळे नियम त्यांना तोंडपाठ. जिन्यातल्या फळ्यावर त्या सुरेख अक्षरात चिठ्ठी लावतात. कुणी सायकल वाटेत लावली, कुणी कचरा चुकीच्या डब्यात टाकला, कुणी दुपारच्या विश्रांतीच्या वेळी वाजवलं. शेवटची चिठ्ठी आमच्यासाठी असायची. नाव नसायचं, पण बिल्डिंगमध्ये वाजवणारी एकटी रेवाच.

रेवा चेलो वाजवते, म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. शाळेने एकदा सगळी वाद्यं मांडून मुलांना हात लावू दिला, तेव्हा तिने सगळ्यात मोठं निवडलं. हे म्हणाले, एवढीशी पोर आणि एवढं कपाट, बासऱ्या संपल्या होत्या का? संगीतशाळेकडून ते वाद्य भाड्याने घरी आलं आणि आमच्या स्वयंपाकघरातली एक खुर्ची त्याची झाली. कारण चेलो उभ्याने वाजवता येत नाही, मांडी घालूनही नाही. त्याला खुर्चीच लागते, पाठ न टेकता टोकावर बसायचं. वाद्याच्या खाली एक अणकुचीदार सळई असते, ती जमिनीत रुतवून धरायची. आमच्या फरशीवर ती घसरायची, ओरखडे उठायचे, आणि घर सोडताना घरमालक काय म्हणेल या धास्तीने मी तिथे जुनं पायपुसणं चौघडी करून ठेवलं. जेवायची खुर्ची आणि वाजवायची खुर्ची एकच. आम्ही जेवायला बसायचो तेव्हाही ती खुर्ची रेवाचीच असायची.

योनास समोरच्या बिल्डिंगमध्ये राहायचा. तो आणि त्याची आई, दोघंच. रेवाच्या वर्गात, आणि पियानो वाजवायचा. संगीतशाळेत दोघं एकत्र वाजवायची. पण सराव करायला तो आमच्याकडे यायचा, आणि आमच्याकडे पियानो कुठला? तो जेवायच्या टेबलावरच वाजवायचा. दोन्ही हातांची बोटं लाकडावर पळायची, टकटक टकटक, तोंडाने तो बारीक गुणगुणायचा, आणि रेवा शेजारी चेलो ओढायची. मी पोळ्या लाटत असायची. पहिल्यांदा मला हसू आलं. मग हळूहळू मला त्या टेबलातून पियानो ऐकू यायला लागला. एखादा सूर चुकला की योनास स्वतःच थांबायचा, कपाळाला हात लावायचा आणि टेबलावरच्या त्या जागेकडे असा बघायचा की जणू तिथे खरंच पट्टी आहे.

रेवा मला आई म्हणते, तर त्याला वाटलं ते माझं नावच आहे. तो मला "फ्राऊ आई" म्हणायचा. रेवाने पुष्कळ दिवस त्याला सांगितलं नाही. कळल्यावर त्याचे कान लाल झाले, पण हाक बदलली नाही. तूप-साखरेची पोळी गुंडाळून दिली की तो ती दोन्ही हातांत धरून, बासरी वाजवल्यासारखी खायचा.

एका वर्षी वसंत ऋतूत रेवाला कुठून तरी एक कोरियन सिनेमा सापडला. नाव काही मला म्हणता येत नाही. शुक्रवारी संध्याकाळी हे हॉटेलात असायचे, तेव्हा आम्ही दोघी सोफ्यावर पाय वर घेऊन तो बघायचो. बोलणं कोरियन, खाली अक्षरं जर्मन. जर्मन मला वाचता येतं, पण सावकाश. मी पहिला शब्द लावेपर्यंत अक्षरं बदललेली असायची. म्हणून मी वाचणं सोडून दिलं आणि नुसती माणसं बघायला लागले.

समुद्रकाठचं लहान गाव. शाळेच्या वरच्या मजल्यावर वाद्यांची खोली, खिडकीला पडदा नाही. एक मुलगा पियानो वाजवतो, एक मुलगी चेलो. बाकी गोष्ट म्हणाल तर फारशी नाही. पाऊस पडतो आणि छत्री एकच असते. दोघं दुकानाबाहेरच्या बाकावर वाफाळत्या शेवया खातात. मुलगा तिच्या वाद्याची पेटी उचलतो आणि मुलगी ती परत घेते. अर्धा सिनेमा होईपर्यंत त्यांनी एकमेकांच्या बोटालाही हात लावलेला नसतो. मला ते फार आवडायचं. वाटायचं, हा लाजऱ्या माणसांचा सिनेमा आहे. यांना कोणी घाई केलेली नाही.

आणि ते घर! चपला दारात काढतात. बुटक्या टेबलाशी खाली बसून भात खातात. मोठ्या माणसांसमोर वाकतात. अंगणात दोरीला बांधून लाल फळं वाळवलेली. त्या मुलीची आई तर फार कमी बोलते. मुलीला ओरडते, मग काही वेळाने फळ सोलते, फोडी करते, बशीत मांडते आणि बशी खोलीच्या दाराशी ठेवून जाते. मी रेवाला म्हटलं, ही तर मीच. रेवा हसली, म्हणाली, "गेनाऊ." अगदी बरोबर. कारण मीही तेच करते. सफरचंद चिरते आणि बशी तिच्या टेबलावर ठेवून येते. राग गेला, चुकलं, जेवून घे, मी आहे, हे सगळं त्या फोडींतच असतं. इथल्या जर्मन सिनेमात मला माझं घर दिसलं नाही. ते दिसलं इतक्या लांब, पलीकडच्या समुद्राकाठी.

सिनेमाच्या शेवटाकडे त्या मुलाला मोठ्या शहरात जायचं असतं, शिकायला. बस सकाळची. मुलगी त्याच्यावर रुसलेली, खोलीत भिंतीकडे तोंड करून बसलेली. मग एकदम उठते, चेलो पाठीवर घेते, दार उघडून धावत सुटते. आणि इथे रेवा सिनेमा बंद करायची. दर वेळी. मी विचारायची, पुढे? ती म्हणायची, पुढचं मला माहीत आहे. मी दुसऱ्यांदा विचारत नसे. मला वाटायचं पुढचं मलाही माहीतच आहे. मुलगी पोचली, वाजवलं, बस गेली. दुसरं काय होणार?

असं मला का वाटलं, तर आण्णांमुळे.

माझे वडील बँडवाले. लग्नसराईत ते क्लार्नेट वाजवायचे. लाल कोट, त्याला पिवळी झालर, कोपरावर ठिगळ. वरात निघाली की लोक नाचायचे, नोटा ओवाळायचे, ओरडायचे, पण क्लार्नेट ऐकत कोणी नसे. बँड वाजतोय एवढंच सगळ्यांना हवं असायचं. जेवायची पंगत बँडवाल्यांना शेवटी. लहानपणी मला या सगळ्याची लाज वाटायची. शाळेसमोरून वरात गेली की मी खिडकीपासून लांब सरकायची. पण पाठवणीच्या वेळचं आण्णांचं वाजवणं मी चोरून ऐकत असे. तेव्हा नाचणारे थकलेले असायचे आणि बाया रडत असायच्या. नवरीची गाडी हळू हळू निघायची आणि आण्णा गाडीमागून चालत वाजवत जायचे, पार वेशीपर्यंत. कधी घसा सुकलेला, कधी पायात काटा, पण वेस ओलांडेपर्यंत सूर तुटला नाही पाहिजे, हा त्यांचा नेम. मी एकदा विचारलं होतं, मध्ये दम का घेत नाही? ते म्हणाले, "पोर माघारी वळून बघती सुमे. तवा सूर थांबल्याला असला, तर तिला नुसतं रडणं ऐकू येतंय."

रेवाचा चेलो त्यांनी एकदा फोनवर ऐकला.  मग म्हणाले, म्हशीगत हंबरतंय, पर ग्वाड हाय. आज ते नाहीत. हे वाक्य मात्र रेवाला पाठ आहे. तिला मराठी नीट कळतं, उत्तर ती जर्मनमध्ये देते. पण हे एक वाक्य ती आण्णांच्याच सुरात म्हणते.

त्या वर्षी लिंडनला कळे आले तेव्हा बातमी कळली. योनासच्या आईला हॅनोव्हरला नोकरी लागली होती, शाळा संपली की ती दोघं जाणार होती. बातमी वाईट होतीच. पण त्याहून वाईट म्हणजे योनासला ते वसंत ऋतूपासून माहीत होतं आणि त्याने रेवाला सांगितलं नव्हतं. इतके दिवस तो आमच्या टेबलावर बोटं पळवत होता, पोळ्या खात होता, उन्हाळी कार्यक्रमात दोघांनी काय वाजवायचं ते ठरवत होता, आणि पोटात हे घेऊन हिंडत होता. रेवा म्हणाली, तो भित्रा आहे. मी म्हटलं, लाजाळू आहे. ती म्हणाली, ते एकच. मला ते लागलं.

कार्यक्रमाच्या दिवशी तिने मनगट दुखतंय असं कळवलं. योनास दुसऱ्या मुलांसाठी पियानो वाजवून आला. ज्या तुकड्यावर दोघांनी सगळा वसंत घालवला, तो तसाच राहिला. चेलो कोपऱ्यात पेटीत बंद. ती खुर्ची नुसती जेवायची झाली. योनास अंगणात दिसला की रेवा गॅलरीचं दार लावून घ्यायची. बाहेर फुलोरा नुसता कोसळत होता, मधमाश्यांनी झाड घुमत होतं आणि आमच्या घरात तो वास दारं बंद करूनही शिरत होता. मी फोडी चिरून नेत होते. बशी तशीच परत येत होती. फोडी तांबूस झालेल्या.

हे म्हणाले, पोरवय आहे, विसरेल. मला माहीत होतं की विसरेलच. भीती त्याचीच होती. विसरताना माणूस काय धरून ठेवतो, तर शेवटचं. पुढे कधी तिला हा चेलो, हे टेबल, हा जून आठवला, तर त्याच्या शेवटाला एक लावून घेतलेलं दार असेल. आणि मग ती वाद्यही तसंच लावून घेईल. मी बँडवाल्याची मुलगी आहे. वाद्य कोपऱ्यात गेलं की ते कसं जातं ते मी घरोघरी बघितलं आहे.

सामानाचा ट्रक शनिवारीच गेला. रविवारी इथे ट्रक चालत नाहीत. रविवारी सकाळी योनास आणि त्याची आई आपल्या गाडीने निघणार होती. मी गॅलरीतून बघत होते. अंगणात गाडीचं मागचं दार उघडं, त्यात कुंड्या, उशा, एक दिवा. योनास एकेक वस्तू आणत होता आणि आमच्या गॅलरीकडे न बघण्याचा प्रयत्न करत होता. सगळीकडे ती रविवारची शांतता. चर्चची घंटा वाजून गेल्यावर तर ती आणखीच दाट झाली.

रेवा तिच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून. मी दारात उभी राहिले. हात खरंच दुखतो का, विचारलं. नाही म्हणाली. मग मला काय झालं कोण जाणे, मी म्हटलं, "सिनेमातल्या त्या मुलीने नेलंच ना तिचं वाद्य?"

तिने मान वळवली. तुला कोणी सांगितलं, तिने विचारलं.

"कोणी कशाला सांगायला पाहिजे? दार उघडून पळाली ना ती. मग पोचली, वाजवलं. जाणाऱ्याला असं कोरडं कोण धाडतं?"

रेवा माझ्याकडे बघत राहिली. तेव्हा मला वाटलं माझं पटतंय म्हणून बघतेय. ती काहीतरी सांगणार होती, ओठ उघडलेही होते, पण तिने सांगितलं नाही. उठली. पेटीचे खटके उघडल्याचा आवाज झाला. मग एकदम थांबली आणि म्हणाली, आज रविवार आहे. आणि खाली बसायला काही नाही.

खुर्ची मी उचलली.

हे चहाचा कप घेऊन पॅसेजमध्ये उभे होते, डोळ्यांवर झोप. कुठे निघालीस, त्यांनी विचारलं. खाली, म्हटलं. खुर्ची घेऊन? हो. रविवारी? मी पायात चपला सरकवल्या. त्यांनी कप खाली ठेवला आणि आमच्यासाठी दार धरलं. एवढंच. पण त्या माणसाचं ते दार धरणं मी विसरणार नाही.

जिना उतरताना खुर्चीचा पाय कठड्याला लागला आणि फ्राऊ हर्टेलच्या बरोब्बर दाराशी मोठा ठक्क आवाज झाला. इतक्या वर्षांत मी या जिन्यात खोकलेसुद्धा नव्हते. एका हातात खुर्ची, दुसऱ्या हातात वाटी. वाटीत दही-साखर. ती मी कधी कालवली ते मलाच आठवत नाही. हातांनी आपली आपण कालवली असणार.

अंगणात आम्हाला बघून योनास जागच्या जागी थांबला. हातात उशी. मी लिंडनखाली खुर्ची ठेवली, मग त्याच्यापाशी गेले आणि दही-साखर पुढे केली. चमचा आणायचा असतो हे माझ्या ध्यानातच आलं नाही. त्याने वाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. परीक्षेच्या सकाळी रेवाच्या तळहातावर मी दही ठेवते ते त्याने पाहिलेलं होतं. त्याने उशी काखेत मारली आणि हात पुढे केला, मी वाटीतलं दही त्याच्या तळहातावर ओतलं. त्याने ते चाटून खाल्लं. कान पुन्हा लाल. त्याच्या आईने गाडीतून कागदी रुमाल काढून दिला.

रेवा खुर्चीच्या टोकावर बसली. पण अंगणात दगड बसवलेले. सळई रुतेना. एकदा घसरली, दुसऱ्यांदा घसरली, रेवाचे डोळे भरून आले. वर जाऊन पायपुसणं आणायला वेळ नव्हता. मी पायातली रबरी चप्पल काढली आणि सळईखाली सरकवली. सळई चपलेत रुतली आणि थांबली.

"गाडी वळेपर्यंत थांबू नकोस," मी म्हटलं.

आणि तिने तो तुकडा सुरू केला, दोघांचा. रविवारच्या त्या शांततेत पहिला सूर इतका मोठा निघाला की मीच दचकले. खिडक्या उघडायला लागल्या. मला त्या मोजायचा धीर झाला नाही, मी आपली चपलेकडे बघत उभी. योनासच्या आईने गाडी सुरूच केली नाही, स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. तेव्हा रेवाने वाजवता वाजवता हनुवटीने खूण केली. जा. गाडी सुरू झाली आणि माणसाच्या चालीने निघाली.

त्या तुकड्यात काही जागी चेलो थांबतो आणि एकटा पियानो बोलतो. रेवाने त्या जागा सोडल्या नाहीत. गज हवेत धरून थांबायची, मनात मोजायची, मग पुढे. पहिल्यांदा ती थांबली तेव्हा वाटलं सूर तुटला, आता त्या पोराला नुसतं रडणं ऐकू जाईल. मी गाडीकडे बघितलं. काच खाली होती. योनासचा हात बाहेर होता आणि गाडीच्या दारावर त्याची बोटं पळत होती. आमच्या टेबलावर पळायची तशीच. टकटक ऐकू येण्याइतका तो जवळ नव्हता. पण मला ऐकू आली. रेवालाही आली असणार, कारण तिची पुढची सुरुवात बरोब्बर त्याच्या बोटांवर झाली.

अंगणाच्या टोकाला कमान आहे. गाडी कमानीखालून गेली, वळली. हात शेवटपर्यंत दारावर होता. रेवा तरीही थांबली नाही. तुकडा संपवला. वरून एक-दोन फुलं तिच्या केसांत पडलेली, तिला पत्ताच नव्हता.

मग शांतता परत आली. मी मान वर केली तर खिडकीत फ्राऊ हर्टेल. हात कठड्यावर, पाठ सरळ.

"आज रविवार आहे," त्या म्हणाल्या.

"या," मी म्हटलं, म्हणजे हो. इतक्या वर्षांच्या जर्मनमधला तेवढा एकच शब्द त्या वेळी माझ्या हाताशी होता.

त्यांनी माझ्या एका अनवाणी पायाकडे बघितलं. सर्दी होईल, म्हणाल्या. खिडकी लावून घेतली, पण अर्धीच. पुढचे कितीतरी दिवस मी जिन्यातल्या फळ्यासमोरून जाताना मान खाली घालून जात होते आणि तिरक्या नजरेने चिठ्ठी शोधत होते. चिठ्ठी लागली नाही. एकदा जिन्यातच भेटल्या तेव्हा त्यांनी विचारलं, ते काय वाजवलं होतं? मला नाव सांगता येईना. मी गुणगुणून दाखवलं. मी, जिन्यात, उभी राहून. त्यांनी मान हलवली, जणू नियम क्रमांक अमुक असा ऐकून घेतला, आणि भाजीची पिशवी घेऊन आत गेल्या.

पुढे काय झालं, तर जे होतं तेच. काही महिने फोन, मग सणासुदीचे निरोप, मग वाढदिवसाचे. रेवा आता ड्रेस्डेनला शिकते. बारीक बारीक यंत्रांचं काहीतरी, मला समजावून देते आणि मी मान डोलावते. चेलो बरोबर नेला आहे. तिथल्या मुलांच्या वाद्यवृंदात आठवड्यातून एकदा वाजवते. योनास कुठे असतो विचारलं की म्हणते, बरा आहे. तिच्या चेहऱ्यावर दार लावल्यासारखं काही दिसत नाही. माझ्या एका चपलेला अजून भोक आहे. ती मी गॅलरीत वापरते.

गेल्या आठवड्यात ती सुट्टीला आली होती. शुक्रवारी हे हॉटेलात. आम्ही दोघी सोफ्यावर, पाय वर. ती म्हणाली, तो सिनेमा लावू? मधल्या वर्षांत आम्ही तो बघितला नव्हता. तेच गाव, तीच छत्री, तीच बशी. मी सफरचंद चिरत होते. मुलगी उठली, वाद्य पाठीवर घेतलं, दार उघडून पळाली. मी सवयीने सुरी खाली ठेवली, आता बंद होणार म्हणून. रेवाने बंद केला नाही.

मुलगी धावत राहते. चढ, उतार, समुद्र. थांब्यावर पोचते तेव्हा बस निघालेली असते. लांब, रस्त्याच्या वळणावर, एक ठिपका. ती पेटी उघडते, वाद्य बाहेर काढते, आणि तशीच उभी राहते. मागे समुद्र वाजत राहतो. अक्षरं वर सरकायला लागतात.

 माझ्या मनात इतकी वर्षं त्या मुलीने वाजवलं होतं. त्या रविवारी मी ज्या भरवशावर खुर्ची उचलली, तो शेवट कुठे नव्हताच. आणि रेवाला ते तेव्हाही माहीत होतं. तिचे ते उघडलेले ओठ मला आठवले.

"तेव्हा का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

रेवाने बशीतली एक फोड उचलली. पडद्याकडेच बघत होती. आणि मराठीत म्हणाली, एकेक शब्द जुळवत, "तिची आई घरी राहिली. खुर्ची आणली नाही तिने."

बाहेर फुलोरा नुकता उमलायला लागला होता. मी राहिलेलं सफरचंद चिरायला घेतलं.